दचकणं आणि भिणं

(द्वितीय वर्ष, कला)

भुताखेतांशी माझी ओळख कॉलेजच्या कितीतरी आधीची. कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याला उतरायचं, तिथून दीड किलोमीटर उसातून चालायचं, की आमचं गाव. गावात वीज येऊन पुष्कळ वर्षं झाली. पण दिवे गेले की गाव पुन्हा माझ्या आजीच्या ताब्यात जायचं. ओढ्याकाठच्या पिंपळावर मुंजा, पडक्या विहिरीवर हडळ, माळावर चकवा, अशी प्रत्येकाची हद्द तिने ठरवून दिली होती. तलाठ्याच्या दप्तरात सापडणार नाहीत इतक्या चोख नोंदी तिच्यापाशी होत्या.

तिची एक गोष्ट आम्ही नातवंडांनी शंभरदा तरी ऐकली असेल. तिचा थोरला भाऊ बाजार करून रात्रीचा एकटाच चालत परत येत होता. वाटेत मागून कुणीतरी आलं आणि म्हणालं, "पाव्हणं, तमाखू हाय का?" भावाने तंबाखू दिली. दोघं बोलत बोलत निघाले. त्या माणसाला गावातलं सगळं ठाऊक, कुणाची म्हैस व्याली तेसुद्धा ठाऊक. ओढ्याशी आल्यावर भावाच्या हातून चुन्याची डबी पडली. ती उचलायला तो खाली वाकला आणि त्याची नजर त्या माणसाच्या पायांकडे गेली...

इथे आजी गप्प व्हायची. गोधडी अंगावर ओढून म्हणायची, "निजा आता."

"आजी, पाय कसले होते?"

"पायच हुतं. निजा."

आजी चार वर्षांपूर्वी गेली. ते पाय कसले होते ते मला आजही ठाऊक नाही. पण ओढ्याशी आले की माझी पावलं आजही भराभर पडतात.

हे सगळं आठवायला कारण झाला एक इंग्रजी चित्रपट. 'द कॉन्ज्युरिंग : लास्ट राइट्स' ५ सप्टेंबर २०२५ ला लागला. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून मंडळी थेट भुताकडे वळली. रविवारी खग्रास चंद्रग्रहण आणि लगेच पितृपंधरवडा. अमेरिकेतल्या मंडळींनी पंचांग पाहूनच तारीख काढली असावी अशी मला शंका आहे! आमच्या लेडीज रूममध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. मोबाईलवर एकामागून एक रील यायच्या. थिएटरात लोक किंचाळताहेत, एकमेकांच्या खांद्यात तोंड लपवताहेत. मालिकेचा हा शेवटचा भाग, वॉरन पती-पत्नींचं सर्वांत भयंकर प्रकरण, आणि त्यावर 'सत्य घटनेवर आधारित' हा शिक्का. एक मुलगी म्हणाली, "ज्यानं हा बघितला नाही, त्यानं काहीच बघितलं नाही." आपण काहीच बघितलेलं नाही ही भावना माझ्यासारख्या मुलीच्या मनात कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून मुक्कामाला असतेच. त्या वाक्याने ती उठून बसली.

मालिकेतला पहिला चित्रपट मी मोबाईलवर पाहिला होता. तो २०१३ सालचा, जेम्स वानने दिग्दर्शित केलेला. त्यात आई आणि मुली डोळ्यांवर पट्टी बांधून लपंडाव खेळतात. लपलेल्याने टाळी वाजवायची आणि पट्टी बांधलेल्याने आवाजाच्या रोखाने जायचं. आई चाचपडत जाते, आणि कपाटातून दोन हात बाहेर येऊन टाळी वाजवतात. मुली तर दुसरीकडेच असतात! ते हात आपल्याला दिसतात, पट्टी बांधलेल्या आईला दिसत नाहीत. एवढ्या लहानशा पडद्यावरही माझे तळवे गार पडले होते. मोबाईलवर ही दशा, तर मोठ्या पडद्यावर काय होईल, असा माझा हिशेब होता.

हिशेबाची दुसरी बाजू पैशांची. आबांनी मला पुस्तकासाठी ५०० रुपये दिले होते. तिकीट २२० रुपयांचं. आई पहाटे उठून म्हशीची धार काढते आणि दूध डेअरीला घालते. २२० रुपये म्हणजे जवळजवळ ४ लिटर दूध. हे गणित मला येत होतं, तरी मी तिकीट काढलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे 'जादा तास' या शब्दाला घरी फार मान आहे. मंगळवारी सकाळी निघताना मी तोच शब्द वापरला.

मल्टिप्लेक्समध्ये मी पहिल्यांदाच जात होते. दारावरच्या माणसाने माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून ठेवली. पॉपकॉर्नचा भाव पाहून मी जेवून आल्याबद्दल देवाचे आभार मानले. अंधार झाला, आणि मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून भिण्यासाठी तयार झाले.

सुरुवात बरी होती. १९६४ साल. तरुण लॉरेन वॉरन गरोदर असते. ती एका जुन्या आरशाला हात लावते, आरसा तडकतो आणि तिला कळा सुरू होतात. इस्पितळातले दिवे जातात, मूल निपचित जन्मतं आणि आईच्या प्रार्थनेनंतर श्वास घेतं. मग कथा १९८६ सालच्या पेनसिल्व्हेनियात येते. स्मर्ल नावाचं कुटुंब आहे. आई-बाप, चार मुली, आजी-आजोबा, सगळे एका घरात. एका मुलीला भेट म्हणून नेमका तोच आरसा मिळतो. इथपर्यंत मी खुर्ची सोडली नव्हती.

पण पुढे काय होणार ते मला कळायला लागलं. मुलगी एकटी खोलीत जाते. दिवा मिणमिणतो. संगीत थांबतं. मुलगी डावीकडे बघते, काही नाही. उजवीकडे बघते, काही नाही. मग सुटकेचा निःश्वास टाकते, आणि धाडकन् आवाज होऊन तोंड फाकलेला चेहरा समोर! पहिल्यांदा मी दचकले. दुसऱ्यांदाही दचकले. तिसऱ्यांदा माझ्या मागच्या रांगेतला एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "आता म्हातारी दिसणार बघ." त्याने हळूच "एक, दोन, तीन" म्हटलं, आणि तीनला म्हातारी हजर झाली. आमच्या एस. टी.ने कधी एवढी वेळ पाळलेली नाही. सगळी रांग हसली. त्यानंतर तो मुलगा प्रत्येक वेळी मोजू लागला आणि भूत त्याच्या आज्ञेत वागू लागलं.

चित्रपट २ तास १५ मिनिटांचा. ज्यांच्यासाठी आपण जातो ते वॉरन पती-पत्नी अर्ध्याहून अधिक चित्रपट होईतो त्या घरात पाऊलच टाकत नाहीत. ते आपल्या घरी, मुलीचं लग्न ठरवण्यात गुंतलेले. इकडे स्मर्लांच्या घरात भुतांची नुसती वर्दळ. कुऱ्हाडवाला एक, हसणारी म्हातारी एक, आणि जुन्या भागांतली ॲनाबेल बाहुलीही पाहुणी म्हणून येऊन जाते. लग्नघरात जसं कोण कुणाकडचा ते कळत नाही तसं माझं झालं. त्यातून हा हिंदी आवाजातला खेळ. पेनसिल्व्हेनियातले आजोबा दूरदर्शनवरच्या पौराणिक मालिकेसारखं बोलत होते.

खोटं बोलायचं नाही. एक प्रसंग मला आवडला. वॉरनांची मुलगी जूडी लग्नाचा पोशाख घालून बघायला दुकानात जाते. चहूबाजूंनी आरसे, आरशांत आरसे, आणि तिच्या असंख्य प्रतिमा. त्यांतली कुठली तिची नाही, ते शोधत मी पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात बघत होते. ती दोन-तीन मिनिटं मागचा मुलगाही मोजायचा थांबला होता. आणि एड-लॉरेन या नवरा-बायकोचं एकमेकांवरचं प्रेमही खरं वाटतं. पण शेवटी सगळे जमून आरडाओरडा, प्रार्थना, आरसा, आणि मग थाटाचं लग्न. ते बघताना मी भुताला विसरून सहाच्या एस. टी.चा विचार करत होते.

आमच्या सरांनी पहिल्या वर्षी वर्गात हिचकॉकचं एक उदाहरण सांगितलं होतं. १९६२ साली त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने हिचकॉकची दीर्घ मुलाखत घेतली, तिच्यातलं हे उदाहरण. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारत बसली आहेत. टेबलाखाली बॉम्ब आहे, तो अचानक फुटतो. प्रेक्षक १५ सेकंद दचकतो. आता तोच बॉम्ब आधी प्रेक्षकाला दाखवा, घड्याळ दाखवा, आणि माणसांना खुशाल गप्पा मारू द्या. प्रेक्षक १५ मिनिटं जीव मुठीत धरून बसतो. हे मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. अर्थ मात्र त्या दिवशी थिएटरात कळला. कुकरची शिट्टी झाली तरी माणूस दचकतो. त्यासाठी भुताची गरज नाही, मोठा आवाज पुरतो. दचकणं शरीराचं असतं आणि आवाज थांबला की संपतं. भिणं मनाचं असतं, ते आपल्याबरोबर घरी येतं. कपाटातून आलेल्या दोन हातांनी मला भिववलं होतं. या आरशाने २२० रुपयांत नुसतं दचकवलं.

पण दिवे लागले तेव्हा माझ्या मनात हा विचार आला नाही. आला तो वेगळाच. सगळं जग वाखाणतंय तो चित्रपट आपल्याला आवडला नाही, म्हणजे आपल्यालाच तो कळला नसणार. मागचा मुलगा हसत होता. त्याला हसायला परवानगी होती, कारण तो दर आठवड्याला येत असेल. मी पहिल्यांदा आलेली. मी कशी हसणार?

रंकाळा स्टँडवर पोहोचले तर सहाची गाडी गेलेली. पुढची साडेसातला. मोबाईल दिवसभराच्या रीलनी कधीच थकून बंद पडला होता. फाट्यावर उतरले तेव्हा सव्वाआठ झाले होते. पाऊस नुकताच थांबलेला. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे उसात बिबट्या शिरल्याच्या बातम्या मधूनमधून येतात. बिबट्या तरी जनावर, त्याची भीती सांगता येते. एकट्या मुलीला दीड किलोमीटर अंधारात आणखी कसली भीती वाटते हे माझ्या मैत्रिणींना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळणार नाही. संगीत थांबत नव्हतं, कारण संगीत नव्हतंच. रातकिडे होते आणि पानांवरून ठिबकणारं पाणी होतं.

तेवढ्यात फाट्यावरच्या निवाऱ्यातून बॅटरीचा उजेड आला. मी जागच्या जागी थिजले. उजेड माझ्या तोंडावर पडला, मग खाली जमिनीवर आला, आणि त्यामागून आवाज आला, "आलीस?"

आई होती. डोक्यावर इरलं घेतल्यासारखं खताचं पोतं, हातात बॅटरी आणि काठी.

"सहाची यष्टी गेली, तू न्हाईस. फोन लागंना. घरात बसवंना, म्हणून आलो."

तिने माझा हात धरला. तो गार होता आणि थरथरत होता. आम्ही चालू लागलो. निम्म्या वाटेवर ती म्हणाली, "जादा तास हुता न्हवं?"

"व्हय."

पुढे ती काही बोलली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी लेडीज रूममध्ये सगळ्यांनी मला घेरलं. "कसा आहे? सांग ना!" आजवर माझ्याभोवती असा घोळका कधी जमला नव्हता. मी म्हणाले, "बापरे! रात्रभर झोप नाही मला." शब्दाला शब्द खरा होता आणि संपूर्ण वाक्य खोटं होतं. पुढचं मग आपोआप सुचत गेलं. मी ती म्हातारी उभी केली, आरसा तडकवला, थिएटरात लोक ओरडत होते असंही सांगितलं. हसत होते हे सांगितलं नाही. २२० रुपये वाया गेले हे कबूल करण्यापेक्षा ते वसूल झाले असं सांगणं सोपं होतं.

ऐकणाऱ्यांत माझी एक मैत्रीण होती. तीही खेड्यातली, तीही घरातली पहिलीच. नाव देत नाही. ती शनिवार-रविवारी गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून देते आणि त्यातून आपला पासाचा खर्च भागवते. माझं ऐकून ती पुढच्या रविवारी मामेबहिणीला घेऊन चित्रपटाला गेली. दोघींची तिकिटं हिनेच काढली.

सोमवारी ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी बी जाऊन आलो गं."

"मग?"

"मला काय भ्याच वाटलं न्हाई. मधी तर डोळा लागला. माझंच काहीतरी चुकलं असंल. इंग्रजी पिक्चरची सवय न्हाई न्हवं मला."

थिएटरात दिवे लागल्यावर माझ्या मनात आलेलं वाक्य ती शब्दशः बोलत होती. फरक एवढाच, की माझ्या मनात ते आपोआप आलं होतं आणि तिच्या मनात ते मी घातलं होतं. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला काय म्हणावं? दचकणं तर नव्हेच.

मी तिला सगळं सांगितलं. मागच्या रांगेतला मुलगा, एक-दोन-तीन, सहाची गाडी, फाटा, आई. ती आधी हसली, डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "मग फाट्यावरचं सांगायचं सोडून पिक्चरचं का सांगितलीस?"

या प्रश्नाला उत्तर शोधताना हा लेख झाला आहे.

हा चित्रपट मालिकेतल्या सगळ्या भागांपेक्षा जास्त कमाई करून गेला. तो मनापासून आवडलेले लोक पुष्कळ असतील, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्या कमाईत माझ्या मैत्रिणीची दोन तिकिटं आहेत, आणि ती मी विकलेली आहेत. चित्रपटाची जाहिरात कंपनी करते असं आपण समजतो. कंपनी सुरुवात करून देते. पुढचं काम आमच्यासारखी माणसं फुकटात करतात. पैसे गेलेले असतात, आपण इतरांपेक्षा कमी ठरू अशी धास्ती असते, म्हणून आपण दचकलो होतो त्याला भ्यालो होतो म्हणतो. रांगेत पुढचा 'वा' म्हणाला म्हणून मागचा 'वा वा' म्हणतो.

आणि हे चित्रपटापुरतं थोडंच आहे? वर्गात सर विचारतात, "कळलं?" माना डोलतात. माझीही डोलते. एखादी कविता हृदयस्पर्शी असल्याचं मी उत्तरपत्रिकेत लिहिते, आणि खरं तर तिने माझ्या हृदयाला स्पर्श केलेला नसतो, मी गाईडला केलेला असतो. ज्यांच्या घरात चार पिढ्या पुस्तकं आहेत ते बिनदिक्कत सांगतात, "मला हे भिकार वाटलं." आम्हाला ते धाडस होत नाही. आम्ही ते वाक्य आत वळवतो: मीच कमी पडले. गुरुजनांनी क्षमा करावी. पण आमच्या डोलणाऱ्या मानांवर फार विश्वास ठेवू नये. आणि माझ्यासारख्या ज्या कुणी असतील त्यांनी, न कळलेलं न कळलं आणि न आवडलेलं न आवडलं म्हणून एकदा बोलून बघावं. मी या लेखात बोलून बघते आहे.

त्याच आठवड्यात आजीचा म्हाळ होता. आमच्याकडे मेलेली माणसं आरशातून येत नाहीत. वर्षातून एकदा जेवायला येतात. त्यांना भिण्याऐवजी ती येतात की नाही याचीच आम्हाला काळजी असते. आई चुलीपुढे वडे तळत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आई, त्या दिवशी जादा तास नव्हता. मी पिक्चरला गेलतो."

चित्रपट असता तर याच क्षणी कावळा येऊन पानाला शिवला असता. पण कावळा मघाशीच वडा उचलून गेला होता.

आईने झाऱ्याने वडा उलटला. म्हणाली, "ठावं हुतं मला. जादा तासाला कोण नवा ड्रेस घालून जातंय?" मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "कसला हुता पिक्चर?"

"भुताचा."

"भ्यालीस?"

मी म्हणाले, "पिक्चरला न्हाई."

तिने बशीत दोन गरम वडे घालून माझ्यापुढे सारले. आबांच्या ५०० रुपयांतले उरलेले २८० घेऊन मी ते पुस्तक नंतर जुन्या बाजारातून घेतलं. त्यात आधीच्या कुणीतरी पानापानावर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. एका ठिकाणी समासात लिहिलंय, 'कळलं नाही.' कोण होता की होती ठाऊक नाही, पण त्या अनोळखी माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.